वखारीतला बिननावाचा देव

गेट नंबर दोन

आमच्या म्हसोबाला भेटायचं तर हेल्मेट घालावं लागतं.

हे मी पत्रकात छापलं तेव्हा चाकण चौकात लोक हसले. हसण्यासारखं त्यात काही नाही. निघोज्यात आमचं शेत होतं, तिथं आता कंपनी आहे. शेताच्या बांधावर म्हसोबा होता, तो कंपनीच्या आत गेला. रंगाच्या शेडमागं, भंगाराच्या पिंजऱ्याशेजारी. जमीन गेली तेव्हा सरकारी माणसानं कागदावर विहीर लिहिली, आंबे लिहिले, गोठा लिहिला. देव लिहिला नाही. म्हणून तो तिथंच राहिला.

माझी शेवंताआत्या दर चैत्रात त्याच्याकडं जाते. लग्नानंतर वर्षाच्या आत ती माहेरी परत आली ती कायमची, आणि तेव्हापासून म्हसोबाचं सगळं तिच्याकडं. गेट नंबर दोनवर तिचा फोटो काढतात, गळ्यात पास अडकवतात, डोक्यावर पिवळं हेल्मेट, पायात कुणाचे तरी सेफ्टी शूज. देवापुढं ती बूट काढते आणि मागून सिक्युरिटीवाला ओरडतो, "मावशी, शूज! शूज घाला!" कोंबडं न्यायला बंदी. उदबत्तीला बंदी, शेजारी रंग आहे. राहता राहिला नारळ आणि तेलात कालवलेला शेंदूर.

त्या शेंदराबद्दल आधीच सांगून ठेवते, कारण पुढची सगळी हकीगत त्याच्यावर आहे. किती पिढ्यांनी तो लावला कोण जाणे. थरावर थर चढून दगड पार फुगला होता. नाक, डोळे, काही नाही, नुसता लाल गोळा. उन्हानं त्याची खपली सुटायची. ती खपली आत्या मातीत पडू देत नसे. पत्र्याची एक छोटी डबी आहे तिच्याकडं, पूर्वी तीत मलम असायचं. त्यात ती खपल्या जमवायची. घरात कुणी आजारी पडलं, कुणी लांब निघालं, की चिमूटभर तेलात उगाळून कपाळाला. माझ्या प्रत्येक परीक्षेला तो लाल टिळा होता आणि प्रत्येक वेळी मी कॉलेजच्या नळावर तो धुतला आहे.

गेल्या वर्षी कंपनीला शेड वाढवायची झाली. म्हसोबा मधे. साहेबांनी निरोप दिला: गेटबाहेर सर्व्हिस रोडला संगमरवरी देऊळ बांधून देतो, घरातल्या सगळ्यांची संमती आणा. माझा चुलतभाऊ संतोषदादा त्याच कंपनीला लेबर पुरवतो. त्यानं भावकीच्या सह्या झटपट जमवल्या. आत्यानं सही केली नाही.

"तुला आत्ता हेल्मेट घालून जावं लागतं," दादा म्हणाला. "बाहेर आला तर रोज जाशील की."

"त्येला इचारलंस का?" आत्या म्हणाली.

मी अर्थातच आत्याच्या बाजूनं. कंत्राटी कामगारांसाठी पत्रकं काढणं हे माझं काम. आता हेही एक काढलं. माझी मागणी मोठी होती. गावाचं संग्रहालय झालं पाहिजे! नांगर, मोट, जात्यावरच्या ओव्या, म्हसोबा, सगळं एका छताखाली, कंपनीच्या खर्चानं. आत्यानं ते पत्रक माझ्याकडून वाचून घेतलं आणि त्यात भाजीचा देठ गुंडाळला.

अशात, कामगारांच्या कामातल्या ओळखीतून एक आमंत्रण आलं, तिकिटांसकट. कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटावर, जमिनी गेलेल्या गावांच्या लोकांचा मेळावा. जागा: तिथलंच एक संग्रहालय. प्रत्येक ठिकाणाहून दोघं यावेत, एक जमीन गेलेलं आणि एक इंग्रजी येणारं. आमच्या घरात दोन्ही होते.

बेट

बेटाचं नाव लिहीत नाही. नाव सांगितलं की तुम्ही फोनवर बीचचे फोटो बघाल आणि मी काय सांगते ते वाचणार नाही. वेस्ट इंडीज म्हणजे आपल्याला क्रिकेट. त्याच्या आधी, त्याच्या पलीकडं काही आहे हे मलाही माहीत नव्हतं. विमानांबद्दलही लिहीत नाही. आत्यानं सगळ्या प्रवासात नऊवारीचा ओचा मुठीत धरून ठेवला आणि खिडकी बंद करायला लावली, एवढं पुरे.

उतरल्यावर पहिली गोष्ट काय दिसावी? ऊस. म्हणजे ऊस नाही, ऊस होता ती जागा. डोंगरापर्यंत गवत माजलेलं, मधेच एक दगडी पवनचक्की, पंखे नसलेली, आतून पिंपळासारखं झाड उगवलेलं.

"रान पडीक का टाकलंय?" आत्यानं विचारलं.

मी ड्रायव्हरला विचारलं. तो म्हणाला, "साखर संपली, मालक गेले."

"आन मानसं?"

"माणसं इथंच राहिली. त्यांना जायला जागा कुठं होती?"

मी मनात पत्रकाचा मथळा जुळवत होते. खरं सांगते, मी सगळीकडं तेच करते.

साखरेची वखार

संग्रहालय म्हणजे साखर साठवायची जुनी वखार. भिंती पोवळ्याच्या दगडाच्या, मधेमधे लाल विटांच्या. त्या विटा विलायतेच्या: येताना रिकामं जहाज समुद्रात हेलकावू नये म्हणून तळाशी भरून आणायच्या, इथं उतरवायच्या आणि त्या जागी साखर भरायची. हे आम्हाला मिस आयव्हीनं सांगितलं. तिथं वयानं मोठ्या बाईला नावाआधी 'मिस' लावतात, लग्न झालेलं असो नसो, आपल्या 'बाई'सारखं. मिस आयव्ही शाळेत शिकवायची, आता हे संग्रहालय चालवते. चालवते म्हणजे कुलूप उघडते, झाडते, माहिती सांगते आणि पत्रा गळला की बादली ठेवते. तिच्या वडिलांकडचे लोक आफ्रिकेतून धरून आणलेले, आईकडचे त्या बेटाचे मूळचे.

"पुस्तकात लिहिलंय, मूळचे सगळे मेले," ती म्हणाली. "मी शाळेत मुलांना तेच शिकवत होते. आणि घरी गेल्यावर आईच्या हातची, त्या मेलेल्या लोकांची भाकरी खात होते."

वखारीला दोन खोल्या आहेत. मागच्या खोलीत आफ्रिकेहून आणलेल्यांच्या वस्तू. मला वाटलं होतं बेड्या असतील. त्या आहेत, एका कोपऱ्यात, त्यांच्याकडं ती फार वेळ थांबू देत नाही. "त्या मालकाच्या वस्तू," म्हणाली. "आमच्या इथं आहेत." इथं म्हणजे एक मडकं, बोटांचे ठसे तसेच राहिलेलं. कातडं नसलेला एक ढोल. ढोल वाजवायला बंदी होती, एका मळ्यातून दुसऱ्या मळ्यात निरोप जाईल म्हणून. आणि एक मोठा शंख.

शंख दिसताच आत्यानं चपला काढल्या, पदर डोक्यावर घेतला, हात जोडले.

मिस आयव्ही बघत राहिली. "ह्या काय करताहेत?"

मी सांगितलं की आमच्याकडं शंख देवाचा असतो, पूजेत फुंकतात.

"त्यांना सांगा, हा पूजेचा नाही. उजाडायच्या आधी हा फुंकायचे. ऐकला की उसात हजर व्हायचं. उशीर झाला की चाबूक."

मी आत्याला सांगितलं. तिनं जोडलेले हात सोडले नाहीत, पण शंखाकडं बघायची तिची नजर बदलली.

"भोंगा व्हय," ती म्हणाली. "शंखाचा भोंगा केला मेल्यांनी."

मला राहवलं नाही. मी मिस आयव्हीला सांगायला लागले की आमच्याकडंही असंच आहे, शिफ्टचा भोंगा, गेटवर मोबाईल काढून घेतात कारण कामगारांचे ग्रुप होतील, हा ढोल म्हणजेच तो मोबाईल, तुमची गुलामी आणि आमची कंत्राटी पद्धत...

तिनं मला मधेच थांबवलं. "तुमचा कामगार संध्याकाळी घरी जातो?"

"जातो. कधी कधी ओव्हरटाइम..."

"त्याचं पोर त्याचंच असतं? की मालक विकू शकतो?"

मी ढोलाकडं केलेलं बोट खाली घेतलं.

"मग ही तुलना इथं करू नका. तुमचं दुःख तुमच्या नावानं सांगा. ते पुरेसं आहे."

असं मला आजवर कुणी झापलेलं नाही, साहेबांनीसुद्धा नाही. आत्यानं विचारलं, "काय म्हनली गं?" मी म्हटलं, काही नाही. "काय न्हाई कसं? त्वांड उतरलंय तुजं."

पुढची खोली

पुढच्या खोलीत मूळच्या लोकांच्या वस्तू. तिथंच तो होता.

पोवळ्याच्या दगडाचा, दोन्ही हातांच्या ओंजळीत मावेल एवढा. तीन टोकांचा. एका टोकाला चेहरा कोरलेला: दोन खोल डोळे आणि उघडं तोंड. वादळात कपाटाची काच फुटली, नवी बसवायला पैसे आले नाहीत, म्हणून तो मोकळ्या फळीवरच ठेवलेला.

मिस आयव्ही म्हणाली, "हे शेतात ठेवायचे. कंद चांगला पोसावा म्हणून, जमिनीत, पिकाजवळ."

हे सांगताच आत्यानं माझा हात घट्ट धरला. "म्हंजी बांधावरचाच की गं!" मग तिनं ते विचारलं जे मी कधी विचारलं नसतं. मी विचारलं असतं किती जुना, कुणी पळवला, कुणी परत दिला. आत्यानं विचारलं, "ह्येचं नाव काय?"

मिस आयव्हीनं खांदे उडवले. "कुणाला माहीत नाही. माणसं उरली, थोडीफार. भाषा उरली नाही. माझ्या आजीला काही शब्द येत होते. मासा, पाऊस, 'इकडे ये'. ह्याचं नाव तिलाही येत नव्हतं."

मी भाषांतर केलं. आत्या फळीसमोर उभी राहिली. मग मला म्हणाली, "मंग ह्येला हाक कशी मारायची?"

बाहेर क्रूझच्या बोटीतून उतरलेले पर्यटक आले होते. एक गोरा गृहस्थ आत डोकावला, त्यानं स्वच्छतागृह कुठं आहे विचारलं आणि नाही म्हटल्यावर निघून गेला.

चतुर्थी

मेळाव्याच्या दिवशी संकष्टी आली. आत्याचा उपास. सकाळी मिस आयव्हीनं तिच्या आईच्या पद्धतीची भाकरी आणली: पांढरी, कोरडी, पापडासारखी पातळ, तव्यावर भाजलेली. आत्यानं मान हलवली. "चतुर्थीला भाकर? न्हाई गं बाई."

मी विचारलं कशाची आहे. मिस आयव्हीनं अंगणातलं झाड दाखवलं. उंच काठ्या, हाताच्या पंजासारखी पानं, बुडाशी कंद. कंद किसायचा, वेताच्या लांब नळीत भरून ताणून पिळायचा, कारण रस विषारी असतो, उरलेला चोथा भाजायचा. मी फोनवर शोधलं आणि मोठ्यानं हसले.

"आत्या, हा साबुदाणा आहे!"

"ह्यो?"

"ह्याच कंदाचा साबुदाणा करतात. मूळ ह्याच लोकांच्या मुलखातलं."

आत्यानं भाकरी हातात घेऊन उलटीपालटी केली. "म्हंजी आमी जलमभर उपासाला ह्यांचं खातोय, आन ह्यांचा देव बिननावाचा?" मग तिनं तुकडा मोडला. आधी थोडासा त्या खोलीच्या दिशेनं धरला, मग तोंडात टाकला. मिस आयव्हीला ती एवढंच म्हणाली, "मीठ कमी हाय." हे मी भाषांतरित केलं नाही.

दुपारी बाराला संतोषदादाचा फोन आला. तिकडं रात्र. "आत्या, चंद्र दिसला बरं का, सोड उपास!" आत्यानं डोक्यावरच्या रणरणत्या उन्हाकडं बघितलं आणि उपास सोडला. निघोज्यात उगवला म्हणजे उगवला. निखाऱ्यावर भाजलेला नीरफणस तिनं पोटभर खाल्ला. कोकणातला आपला विलायती फणस तोच हा. तिकडं गुलामांना स्वस्तात पोसायला म्हणून जहाजानं आणलेला.

दादानं मला वेगळं विचारलं, "परत कधी येताय नक्की?"

मी तारीख सांगितली. त्यानं "ठीक आहे, ठीक आहे" असं दोनदा म्हटलं. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

शेंदूर

मेळावा मागच्या खोलीत. मी जोरदार बोलले. गेट नंबर दोन, हेल्मेट, कोंबड्याची बंदी. टाळ्या पडल्या. शेवटी म्हटलं, आमच्या गावातही असं संग्रहालय उभं राहिलं पाहिजे आणि आमचा म्हसोबा त्यात सन्मानानं बसला पाहिजे.

मिस आयव्ही पहिल्या रांगेत होती. तिनं हात वर केला. "तुमच्या आत्या अजून त्याला भेटतात?"

"हो. वर्षातून एकदा."

"त्याचं नाव त्यांना माहीत आहे?"

"अर्थात."

"मग घाई कसली आहे? आम्ही हे उघडलं तेव्हा आमच्याकडं दुसरं काही उरलं नव्हतं."

टाळ्या नाहीत. मी खाली बसले. आत्याला भाषांतर करून सांगावं म्हणून मागं बघितलं, तर तिची खुर्ची रिकामी.

ती पुढच्या खोलीत फळीसमोर मांडी घालून बसली होती. डबी उघडी. शेजारी खोबरेल तेलाची बाटली. आणि त्या पांढऱ्या दगडाचे डोळे, कपाळ, तोंड लालभडक झालेले. ओलं तेल अजून खाली ओघळत होतं.

माझ्यामागून मिस आयव्ही आली. ती ओरडली नाही. धावत जाऊन तिनं दगड उचलला, स्वतःच्या पांढऱ्या सदऱ्यावर पुसला, लाल आणखी पसरलं. पोवळ्याचा दगड, स्पंजसारखा भोकाभोकांचा. तेल आत मुरत चाललं होतं.

"तिनं कुणाला विचारलं?" ती मला म्हणाली.

मी म्हटलं, तिच्या मनात वाईट काही नव्हतं. आमच्याकडं देवाला...

"पाद्र्यांच्याही मनात वाईट नव्हतं. त्यांनी चांगल्या मनानं असे शेकडो फोडले. हा एक वाचला, कारण कुणीतरी शेतात पुरून ठेवला. आणि आता तुम्ही."

तुम्ही. मी आयुष्यभर पत्रकात 'ते' लिहीत आले. ते घेतात, ते बुजवतात, ते न विचारता करतात. समोरचा मला 'तुम्ही' म्हणेल, ही वेळ माझ्यावर आली नव्हती.

आत्याला शब्द कळले नाहीत, बाकी सगळं कळलं. ती उठून उभी राहिली. "उघडा बसला व्हता गं," ती मला म्हणाली, "अंगावर काय न्हाई, नाव न्हाई. माज्या म्हसोबाचा हुता नव्हता तेवढा समदा लावला. तिला सांग, साधा न्हाई त्यो, लई जुना हाय."

मी ते सांगितलं. मिस आयव्हीनं टेबलावर टॉवेल अंथरला, कापूस, काड्या, स्पिरिटची बाटली काढली आणि घासायला बसली. आत्या मदतीला पुढं झाली, तर मिस आयव्हीनं नुसता तळहात वर केला. आत्या बाहेर पायरीवर जाऊन बसली, ऊन उतरेपर्यंत. कोंबड्या तिच्याभोवती फिरत होत्या. रडत नव्हती. पायरीच्या विटेवरची माती नखानं खरवडत होती.

निघायच्या दिवशी आम्ही पुन्हा गेलो. चेहरा बराच स्वच्छ झाला होता. डोळ्यांच्या खोबणीत आणि तोंडात मात्र लाल तसाच. मिस आयव्हीनं सांगितलं, राजधानीतून दुरुस्तीचा माणूस येईल, त्याच्याकडं औषधं असतात, उरलेलं तो काढेल. फळीवरच्या चिठ्ठीत तिनं नवी ओळ लिहिली होती: 'लाल रंग: निघोजे, भारत. पाहुण्याकडून.' गावाचं स्पेलिंग मला विचारून घेतलं. आमच्या गावाचं नाव जगातल्या कुठल्याही संग्रहालयात असेल तर ते इथं, नुकसानीच्या रकान्यात.

आत्यानं तिच्या पायाला हात लावला. मिस आयव्ही मागं सरली, मग वाकून तिनं आत्याला उठवलं. माफ केलं असं काही मला दिसलं नाही. पण निघताना तिनं त्या भाकरीचं एक पुडकं आत्याच्या पिशवीत टाकलं, आणि वर मिठाची पुडी. मीठ कमी असल्याचं तिला कुणी सांगितलं होतं कुणास ठाऊक.

सर्व्हिस रोड

संतोषदादा गाडी घेऊन आला होता. घरी न नेता त्यानं गाडी सरळ गेट नंबर दोनकडं घेतली. "सरप्राइज आहे," म्हणाला.

सर्व्हिस रोडला, टपऱ्यांच्या पुढं, संगमरवरी देऊळ. रंगीत दिवे. घंटा. दारावर देणगीदार म्हणून दादाचं नाव.

"सही कुणी केली?" मी ओरडले.

"घराच्या वतीनं मी केली. देव हलवलाय, वैशे, विकला नाही. भटजी आणला, क्रेन आणली, होम केला. काढ तुझं पत्रक, मी पेढे वाटतो."

आत्या आत गेली. मी तिच्या मागं.

चौथऱ्यावर एक काळा, गुळगुळीत दगड बसवला होता. चांदीचे डोळे चिकटवलेले, चांदीच्या मिशा.

"ह्यो कोन?" आत्या म्हणाली.

"म्हसोबाच की, आत्या. शेंदराच्या थरानं चौथऱ्यात बसत नव्हता. कारागिरानं ग्राइंडर मारला. आत बघ किती देखणा निघाला!"

"आन त्येच्या अंगावरचं?"

"कशाचं?"

"शेंदूर, शेंदूर."

दादा गोंधळला. "ते गेलं की डंपरमधून. राडारोड्याबरोबर. कुठंतरी भरावाला टाकला असेल."

मोशीकडं, नाहीतर पुनावळ्याकडं, एखाद्या नव्या सोसायटीच्या पार्किंगखाली. कोण सांगणार?

दादानं शेंदराचं कोरं पाकीट तिच्यापुढं धरलं. तोही वाईट माणूस नाही, हे मला आता लिहावं लागतं. "लाव, आत्या. पहिला मान तुझाच."

आत्यानं पाकीट घेतलं नाही. "सोललाय त्येला," ती म्हणाली. "माजी वळख न्हाई ह्येच्याशी."

घरी आल्यावर तिनं डबी उघडली. आत तेलकट लाल डाग, बाकी काही नाही. सगळा तिथं लावून आली होती. बोट फिरवून बघितलं, बोटाला रंगही लागला नाही. मग मला हाक मारली.

"तिला लिही."

"कुणाला?"

"त्या बाईला. म्हनावं, आता घासू नको. ऱ्हाऊ दे तेवढा."

मी लॅपटॉप उघडून बसले. मागण्या लिहायला मला कधी वेळ लागलेला नाही. 'झालंच पाहिजे' माझ्या हातातून आपोआप येतं. इथं काय लिहू? तुमच्या देवावर आम्ही न विचारता जे केलं ते तसंच राहू द्या, कारण आमच्या देवाचं तेवढंच उरलं आहे? कुठल्या तोंडानं? कितीदा खोडलं. शेवटी जे झालं ते सांगितलं, डंपरसकट, आणि खाली लिहिलं: आत्या विनंती करते. तुम्ही नाही म्हणालात तरी आम्ही समजू.

उत्तर आलेलं नाही. दुरुस्तीचा माणूस येऊन गेला की यायचा आहे, तेही माहीत नाही. आत्या रोज विचारते, "आलं का गं तिचं?" मी म्हणते, नाही.

परवा चाकणला दवाखान्यात जाताना आमची रिक्षा गेट नंबर दोनपाशी अडकली, शिफ्ट सुटत होती. संगमरवरी देवळात कुणी ट्रकवाला घंटा वाजवत होता. आत्यानं तिकडं बघितलं नाही. म्हणाली, "ते बेट कंच्या अंगाला येतं?"

मी फोनवर नकाशा काढला, फिरवून बघितला आणि पश्चिमेला, जरा वरच्या अंगाला हात केला. नेमकी तिथं कंपनीची नवी शेड, पत्रे चकाकत होते.

आत्या रिक्षातून उतरली, चपला काढल्या, पदर डोक्यावर घेतला आणि शेडच्या पलीकडं हात जोडले. गेटवरच्या सिक्युरिटीवाल्याला वाटलं, म्हातारी कंपनीला नमस्कार करतेय. त्यानं कडक सॅल्यूट ठोकला.